चष्मा काढून वाच

विजू गेल्याचा फोन तिच्या भावाने केला तेव्हा मी मुलुंडच्या बाजारात भाजी घेत होते. "ताई गेली गं, झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मी पिशवी तिथेच टेकवली आणि... काय सांगू, आधी रागच आला. एवढी भांडकुदळ बाई, अशी गुपचूप जाते होय?

विजू अक्षरं बनवायची, म्हणजे कॉम्प्युटरचे मराठी फॉन्ट. आम्ही आर्ट कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी जाहिरातीत रमले, ती नाहूरच्या दोन खोल्यांत एकाच फॉन्टवर वर्षानुवर्षं बसली. बोरूचा जाड-बारीकपणा नाही, नक्षी नाही. सगळीकडे सारखी जाडी, सुटसुटीत, आजची अक्षरं. दिसायला सोपी, पण 'घ' आणि 'ध' लांबून एकच वाटले की सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून तिच्याकडे गेलं की दारातच फर्मान, "चष्मा काढ. समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय?" अडखळलात की बाईसाहेब चहा विसरून पुन्हा कॉम्प्युटरपाशी. मी कितीदा तरी बिनचहाची परत आलेय.

घाटकोपरच्या एका नव्या इस्पितळाच्या पाट्यांसाठी तो फॉन्ट निवडला गेला तेव्हा ती अक्षरशः नाचली. पण पाट्यांचं माप आधीच इंग्रजीवरून ठरलेलं. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार काही त्यात मावेनात. पाट्यांचं काम घेतलेले साहेब म्हणाले, "मॅडम, जरा दाबून बसवू ना. कुणाला कळतंय?" झालं. "मग फॉन्ट परत घेते," विजू म्हणाली. मी सोबत गेले होते, तिला बाजूला ओढलं, "अगं, हातचं काम जाईल, यार." "जाऊ दे. आजारी माणूस चुकीच्या दाराशी उभा राहिला तर माझ्या अक्षराचं काय लोणचं घालायचंय?" मग तिने लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला दोन नमुने लावायला लावले, एक दाबलेला, एक तिचा, आणि साहेबांपुढे हात केला. "चष्मा द्या." बिचाऱ्यांनी दिला. दाबलेल्या पाटीशी ते डोळे बारीक करून झगडत राहिले, तिची मात्र एका दमात वाचली... "पाट्या मोठ्या करू," ते हसून म्हणाले. त्या दिवशी विजूने आम्हा दोघांना वडापाव चारला.

मागच्या आठवड्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला मी त्याच इस्पितळात गेले. त्यांना मोतीबिंदू झालाय, त्यात दवाखान्यात पाऊल टाकलं की दिसेल त्याला रस्ता विचारायची सवय. मी केसपेपरच्या रांगेतून वळून बघते तर बाई जागेवर नाहीत. रांग सोडून शोधत गेले तर कॉरिडॉरच्या पार टोकाला, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाराशी बाकावर निवांत बसलेल्या.

"आई, इथे कुणी आणलं तुम्हाला?"

"कोणी कित्याक आणूक होया? ता काय, वर लिवलेला दिसता मां."

मी मान वर केली. 'नेत्र विभाग'. वेलांटी ऐटीत, मोकळी. जिंकलीस गं विजू... मी त्यांच्या शेजारी बसले. डोळे भरून आले होते, समोरची माणसंसुद्धा धूसर झाली होती. पाटी तेवढी स्वच्छ वाचता येत होती.