नंबराची जागा

सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी हे बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि ती तर रोज माझ्यासमोर जेवायला बसते. तुम्हाला सांगतोय. तुम्ही समोर नाही, म्हणूनच बहुधा.

गोष्ट एका रायफलीची आहे. दचकू नका. कुणी मेलं नाही, गोळीसुद्धा सुटली नाही. पण एका माणसाचं जे गेलं ते माझ्यामुळं गेलं. आणि हे दोघांनाच माहीत आहे. मला, आणि त्याला.

आमचं गाव गुंजीच्या पलीकडं, रानाला लागून. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, म्हणून आप्पांनी — माझ्या वडलांनी — परवान्याची रायफल ठेवली होती. आप्पा गेले आणि परवाना माझ्या नावावर झाला. मी बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात सुपरवायझर. आठवड्याला एकदा गावी जाणार. रायफल कपाटात पडून राहिली आणि दोन पावसाळ्यांत नळीवर गंज चढला.

निपाणीत कांबळेअण्णा होते. सैन्यात हत्यारं दुरुस्त करण्यात सगळी नोकरी घालवलेले. रिटायर झाल्यावर त्यांनी एक छोटी खोली घेतली होती, भिंतीवर दुरुस्तीचा परवाना काचेत लावलेला. आप्पा त्यांच्याकडंच जायचे. त्यामुळं मला ते परशाच म्हणायचे, अरेतुरे करायचे.

त्यांनी रायफल उजेडात धरली. इकडून तिकडून फिरवून बघितली. मग नळीच्या मुळाशी बोट ठेवलं, जिथं नंबर कोरलेला असतो तिथं.

"नळीला नवं पाणी चढवतो, दस्त्याला तेल पाजतो. पन हितं बघ. गंज नंबरातच बसलाय. घासलं तर नंबर जाईल. ही जागा मी सोडनार. डाग दिसंल, चालंल न्हवं?"

"चालंल की," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी आणायला गेलो. काय काम होतं ते! नळी काळीनिळी, भर उन्हात बघितली तरी कुठं रेघ नाही. फक्त नंबराभोवती अंगठ्याएवढा डाग. अण्णांनी वही पुढं केली. नंबर मोठ्यानं वाच म्हणाले. मी एकेक आकडा वाचला, त्यांनी लिहिला. खाली ओळ होती — नंबर वाचून हत्यार ताब्यात घेतलं. त्याखाली मी सही केली. निघताना त्यांनी नळी काळी करायच्या औषधाची एक छोटी बाटली हातात ठेवली. "खरचटलं कुठं तर बोळ्यानं लाव."

इथवर सगळं बरं होतं. इथंच थांबलो असतो तर?

खंडेनवमीला आम्ही रायफल पाटावर मांडतो. त्या वर्षी पाव्हणे आले होते, माझा मेहुणाही होता. त्यानं डागावर नख फिरवलं आणि हसला. "दाजी, एवढं काम केलं आनि मोक्याच्या जागी डाग? फसिवलं की तुम्हांस्नी." सगळे हसले. एवढंच झालं. एवढ्यानं माणूस काय करतो? मी काय केलं ते सांगतो.

पुढच्या रविवारी कारखान्यातलं हातात धरायचं बफिंगचं मशीन पिशवीत घालून गावी नेलं. बायको बरोबर आली होती, पण ती मळ्यात गेली होती. मी अंगणात बसून त्या डागावर चाक टेकवलं. वीस वर्षं कामगारांना सांगत आलोय — चाक एका जागी थांबवू नका, धातू खातं. मला काय कळत नव्हतं? मशीन बंद केलं तेव्हा डाग गेला होता. आणि नंबरही. सात आकड्यांतले दोन कसेबसे दिसत होते. अण्णांनीच दिलेल्या बाटलीत बोळा बुडवून मी ती जागा काळी केली. छान मिसळली. कुणाला कळणार आहे, असं स्वतःला म्हटलं आणि रायफल कपाटात ठेवली.

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. मी नेली. हवालदारानं परवाना उघडला, रायफल फिरवली, परत फिरवली आणि साहेबांकडं नेली.

"नंबर यल्ली?" साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं. नंबर कुठाय?

 मग ते मराठीत बोलले, सावकाश. नंबर घासलेलं हत्यार म्हणजे काय असतं, चोरीचा माल कसा ओळखतात, त्याला किती वर्षं आत जावं लागतं. मला समोर नोकरी दिसली, मुलीचं ठरत आलेलं लग्न दिसलं. 

"कुणी घासला?"

आणि मी म्हणालो — "निपाणीला दुरुस्तीला दिलती, साहेब. मिस्त्रीनंच घासला असणार."

ठरवून आलो नव्हतो. पण ठरवलं नव्हतं म्हणून खोटं लहान होतं का? आणि दुसरं खोटं तर मी ठरवूनच बोललो. चार दिवसांनी पोलिसांनी अण्णांची वही आणली. त्यात नंबर होता, माझी सही होती. साहेबांनी विचारलं, ही सही तुमचीच ना? तेव्हा सगळं परत घेता आलं असतं. मी म्हणालो, सही माझी आहे, पण मी वाचून केली नाही. मिस्त्री म्हणाले, कर, मी केली.

अण्णांच्या खोलीला कुलूप लागलं. त्यांचा दुरुस्तीचा परवाना स्थगित झाला. रायफल तपासणीला गेली.

घरी मेहुणा म्हणाला, "त्या लोकांवर इस्वास ठेवलासा तिथंच चुकलं तुमचं." त्या लोकांवर म्हणजे कोणत्या, ते आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मी त्याला गप्प बस म्हणालो नाही. ते बोलणं मला सोयीचं होतं. हेही लिहायलाच हवं.

नंतर एका सकाळी अण्णा आमच्या बेळगावच्या घरी आले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. बायकोनं चहा दिला. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"नंबर तुम्ही वाचून दाखिवलासा मला. मोठ्यानं."

त्यांनी मला तुम्ही म्हटलं. पहिल्यांदाच.

"मला आठवत न्हाय, अण्णा."

"मी हातानं घासतो, नळीच्या लांबीला. तिथं चाकाचे वळ हाईत, आडवे. साहेबांनी दाखिवलं मला. माझा हात न्हवं त्यो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला कुनाला आत घालायचं न्हाय. मशीन लागून चुकून गेला म्हनून लिहून द्या. मी बी येतो संगं, सांगतो साहेबांस्नी."

बघा — ज्याचं मी नुकसान केलं, तो मला सोडवायला संगं यायला तयार होता. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, मला कामाला उशीर होतोय.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "ह्यो मानूस खोटं बोलत आसंल असं न्हाय वाटत मला." मी तिच्यावर ओरडलो. पुन्हा तिनं विषय काढला नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते अजून पुढंच आहे. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतोय.

वर्षानं तपासणीचा निकाल आला. कसलंसं औषध लावून त्यांनी पुसलेला नंबर वर काढला होता. तो परवान्याशी जुळला. रायफल चोरीची नव्हती, माझीच होती. साहेबांना प्रकरण संपवायचं होतं. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि तडजोडीचा कागद तयार ठेवला. त्यात लिहिलं होतं, की मिस्त्रीकडून काम करताना अनवधानानं चूक झाली, ती त्याला मान्य आहे, आणि मालकानं त्याला माफ केलं आहे. दोघांनी सह्या केल्या की रायफल मला मिळणार, आणि ताकीद देऊन त्यांचा परवाना सुरू करा अशी शिफारस वर जाणार.

माफ केलं आहे. मी ते दोनदा वाचलं. या वेळी मात्र वाचलं. आणि सही केली.

साहेब म्हणाले, "मोठ्या मनाचा मनुष्य आहे हा." हवालदारानं मान डोलावली. मी खाली बघून उभा राहिलो. मोठ्या मनाचा माणूस उभा राहतो तसा.

अण्णांनी चष्मा लावून कागद वाचला. टेबलावर ठेवला, सरळ केला.

"ह्येच्यावर माझी सही व्हनार न्हाय, साहेब."

"मग परवान्याचं मला काही सांगता येणार नाही, अण्णा. विचार करा."

"केला."

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला तेव्हा बरं वाटलं — बघितलं नाही म्हणून. उठले, साहेबांना नमस्कार केला आणि गेले.

काही महिन्यांनी रायफल मला तशीही परत मिळाली. त्यांचा परवाना मिळाला नाही. हल्ली ते बोरगावला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये मशीनदुरुस्तीला जातात, असं ऐकलं. वय सत्तरीच्या पुढं असेल. निपाणीत त्यांच्या खोलीत आता मोबाईलचं दुकान आहे.

गावात अजून सांगतात, परशरामनं मिस्त्रीला मोठ्या मनानं माफ केलं. मागच्या महिन्यात एका लग्नात माझ्यादेखत सांगितलं गेलं. मी ऐकून घेतलं, आणि पंगतीत जाऊन बसलो.