वेणी घालता घालता

शनिवार उजाडला की माझ्या अंगात त्राण उरत नाही. आठवडाभर टोकियोत, तोयोसुच्या ऑफिसात मान मोडायची, आणि सुट्टीला कचरा वेगवेगळा करा, धुणी लावा, लेकीच्या केसांना तेल लावा. फणी अडकली की ती जपानीत किंचाळते, "इताई! इताई!" दुखतंय तर मराठीत तरी ओरड की गं बाई! पण तेवढं बोलायचाही कंटाळा येतो.

शेजारी एक आफ्रिकन-अमेरिकन बाई राहते, शाळेत इंग्रजी शिकवते. तिची मुलगी आणि माझी एकाच वर्गात. शनिवारी दुपारी ती लेकीच्या बारीक बारीक वेण्या घालत बसते आणि घराण्याची गोष्ट सांगते. दर वेळी तीच.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"मलाही यायचा. पण केस आईच्या मुठीत, पळणार कुठे?" ती हसली.

गोष्ट तिच्या खापरपणजीच्या आईची. तिला लहानपणीच आईपासून तोडून विकलं. गुलामी संपल्यावर ती आईला शोधत गावोगाव पायपीट करत राहिली. आई सापडली नाहीच. मग पहिली मुलगी झाली तेव्हा तिला आईचं नाव ठेवलं. तेव्हापासून घरातल्या एका तरी मुलीला ते नाव मिळतं. आता ते या शेजारच्या पोरीकडे आहे.

माझी लेक त्यांच्याकडे पडीक असते. गेल्या महिन्यात बघते तर काय, ती बाहुलीचे केस विंचरत हीच गोष्ट सांगत होती. जपानीत, घडाघडा. मला बघून म्हणाली, "आई, आपली गोष्ट कुठली?"

माझी पोर दुसऱ्याचं घराणं पाठ करून बसली होती, कारण आमच्याकडे तिला द्यायला होतं काय? मला माझ्या पणजीचं साधं नाव माहीत नव्हतं. आणि आम्हाला तर कुणी विकलंही नव्हतं.

पुढच्या शनिवारी लेकीला तेल लावताना आईला पुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

"पणजीचं नाव? सगळे मोठ्या काकूच म्हणायचे तिला."

"अगं, पण खरं नाव?"

"लग्नात बदललं असणार. आधीचं कोण लक्षात ठेवतंय? तुझं आपलं काहीतरीच!"

मी भडकले. "तिकडे माणसं विकली गेली, तरी त्यांनी नाव सोडलं नाही. आणि आपण वाजतगाजत, जेवणावळी घालून बायकांची नावं पुसली! वर म्हणायचं, कोण लक्षात ठेवतंय."

मलाच वाईट वाटलं. आईवर कशाला ओरडायचं?

मग तीच हळू आवाजात म्हणाली, "माझं पण बदललं होतं."

फणी माझ्या हातात तशीच राहिली. आईला मामा 'बेबी' म्हणायचे, बाबा 'अगं' म्हणायचे आणि पत्रिकांवर सासरचं नाव असायचं. त्याआधी तिचं काही असेल, हे एवढ्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

"काय होतं गं?"

"जाऊ दे. आता काय त्याचं!"

"सांग ना, आजी," माझी लेक म्हणाली. चक्क मराठीत.

आईने सांगितलं. आधी घसा खाकरला, मग परक्या कुणाबद्दल सांगावं तसं लाजत सांगितलं. लेकीने ते नाव मोठ्यांदा म्हटलं, जरा जपानी वळणाने. पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कटला.

"आई, आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "तिला म्हणावं, परत एकदा हाक मार."