हात बदलायचा नाय

सरांनी आत्याकडे बोट दाखवलं आणि पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं, "हा आमचा कच्चा माल."

आत्या स्टुलावर बसली होती. डावा हात टेबलावर पसरलेला, पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला. सुई मीच लावली होती. परदेशातून आलेले पाहुणे सरांच्या बोलण्यावर हसले. आत्याही हसली. साहेबाचे पाहुणे हसतायत म्हणजे काहीतरी चांगलंच बोलले असणार.

"काय बोलले गो सायेब?" तिनं मला विचारलं.

मी रक्ताच्या बाटलीकडे बघत राहिले. कानशिलं तापली होती. पण खरं ऐकायचं अजून बाकीच होतं.

ही आत्या म्हणजे माझी आईच. आई गेल्यावर तिनं मला वाढवलं. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मिठागराच्या बांधावरून चालायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची पोर शिकतंय." मी दहावी झाले तेव्हा घरात लग्नाचं निघालं. तिनं सगळ्यांना उभं-आडवं झोडपलं. मी कॉलेजात गेले ती तिच्या तोंडाच्या जोरावर.

गव्हाणच्या मिठागरातून निघून मी पनवेलबाहेरच्या एका कॅन्सर प्रयोगशाळेत पोचले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं काम असं होतं: रक्तातल्या पांढऱ्या पेशींत एक जात शिपायांची. घुसखोर दिसला की मारणारी. पण कॅन्सरची पेशी आपल्याच अंगातली, घरचीच. शिपाई तिला ओळखत नाही, बाजूनं निघून जातो. आम्ही त्या शिपाई पेशीत बाहेर बनवलेला एक जीन घालायचो, म्हणजे तिला हा घरभेदी ओळखता यावा. जगात फार थोडे लोक तेव्हा हे करत होते. त्यांत मी होते. मिठागरवाल्यांची पोर.

सर मला देव वाटायचे. हे मी आज दात ओठ खाऊन लिहितेय, पण वाटायचे. परदेशात शिकून आलेले, आवाज मऊ, कधी ओरडणं नाही. कोणी आलं की माझी ओळख करून द्यायचे, "ही आमची मिठागरातली शास्त्रज्ञ." लोक हसायचे. मीही हसायचे. डब्यात सुकट असली की कोणीतरी न बोलता खिडकी उघडायचं. मी जिन्यात बसून जेवायला लागले. म्हटलं, एवढं चालायचंच. काम मिळतंय ना.

आणि काम झालं. एका सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर माझ्या शिपाई पेशी कॅन्सरच्या गाठीच्या पेशींना जाऊन चिकटल्या होत्या. गाठीच्या पेशी फुगत होत्या, फुटत होत्या. मी ओरडलेच. सर केबिनमधून धावत आले. वर्षभर उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण त्या दिवशी स्वतः वाकून बघितलं त्यांनी. माझ्या पाठीवर थाप मारली.

"पेपरवर पहिलं नाव तुझं."

त्यानंतर काही दिवसांतच आत्यानं मला छातीतली गाठ दाखवली. मला कोणाकडे जायचं सुचणार? सरांकडे. त्यांनी तपासण्या करवल्या. कॅन्सर निघाला. मुंबईचा मोठा सर्जन त्यांचा मित्र. "मी बोलतो त्याच्याशी. तो बोलावेल तेव्हा पाठवू. तोवर तिचं थोडं रक्त आपल्याला मिळालं तर बरं. रोग असलेल्या माणसाच्या पेशी आपल्याकडे नाहीतच."

मी म्हटलं, घ्या. आत्या म्हणाली, "घ्या की. रगताला काय मोल हाय?"

ती यायची ती रिकाम्या हातानं नाही. सरांसाठी तांदळाच्या भाकऱ्या, कधी वालाच्या शेंगा. सर घ्यायचे, "वा मावशी" म्हणायचे. नंतर त्याच भाकऱ्या ऑफिसातल्या शिपायाच्या टेबलावर दिसायच्या.

सर्जनचं बोलावणं येईना. मी आत्याला म्हटलं, आपणच जाऊ सरकारी इस्पितळात. ती ऐकेना. आमच्याकडे एक रीत आहे. भगत असो, वैद्य असो, डॉक्टर असो, एकाचं औषध सुरू केलं की गुण येईपर्यंत दुसऱ्याकडे जायचं नाही. हात बदलला की पहिल्याचाही गुण जातो.

"सायबाच्या हाताला गुण हाय. हात बदलायचा नाय."

"अगं, ते औषध देत नाहीयेत तुला. नुसतं रक्त घेतायत."

"तुला काय कलतंय? तू त्यांच्या हाताखालची."

मी वैतागून सरांकडे गेले. म्हटलं, ती तुमचंच ऐकेल, तुम्ही सांगा. "पाठव आत," म्हणाले. केबिनमधून आत्या बाहेर आली ती खुशीत. "सायेब बोलले, थांबा मावशी. तुमचं काम चालूच हाय." मला वाटलं, सर्जनशी बोलणं झालं असेल. ते डॉक्टर, ते जाणते. मी थांबले. गाठ थांबली नाही.

आता पुन्हा त्या टेबलापाशी येते. सुई आत्याच्या हातात, बाटली भरत आलेली. पाहुण्यांतल्या एका बाईनं सरांना इंग्रजीत विचारलं, "हिचं ऑपरेशन कधी?"

सर हसून म्हणाले, "घाई नाही. एकदा हिच्यावर उपचार सुरू झाले की हिचं रक्त आपल्या कामाचं राहणार नाही. आणि हे लोक डॉक्टर बदलत नाहीत. धर्म असतो त्यांचा. थांबेल ती."

माझ्यासमोर. माझ्या आत्याच्या डोक्यावरून. मला इंग्रजी येतं हे त्यांना ठाऊक होतं. पण मी ऐकणारं माणूस आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. टेबलाला कुठे कान असतात?

सर्जनशी ते कधी बोललेच नव्हते. केसानं गळा कापला होता. नव्या शहरासाठी आमच्या जमिनी घ्यायला आलेलेही असंच गोड बोलले होते.

मी सुई काढली. कापूस दाबला. आणि सगळ्यांसमोर आत्याला आमच्या बोलीत सांगितलं, "आत्या, तुजं औषध बनत नाय. तुला बरी करायची नाय यांना. तुजं रगत पायजे."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "खोटं बोलतंस तू."

ते मला सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मग ती सरांकडे वळली. "सायेब, पोर बोलतंय ते खरं हाय का?"

"मावशी, ती घाबरलीय. तुमच्यावर जीव आहे ना तिचा."

"मंग माज्या डोक्यावर हात ठेवा नि बोला. मी तुमचं औषध करतो, बोला."

तिनं डोकं पुढं केलं. पांढऱ्या केसांचा भांग. सरांचा हात कोटाच्या खिशात होता. तो तिथेच राहिला.

"आम्ही विज्ञानवाले, मावशी. शपथाबिपथा घेत नाही."

आत्या थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग उठली. पदर सारखा केला. माझा दंड धरला.

"चल. हात बदलायचा."

ती भरलेली बाटली मी तिथे ठेवली नाही. बेसिनमध्ये ओतली. तेव्हा सर पहिल्यांदा ओरडले, "मूर्ख!" आत्याच्या गाठीसाठी त्यांचा आवाज कधी चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला फाटकातून आत सोडलं नाही. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टर आत्याला तपासून म्हणाले, "इतके दिवस कुठे होतात?" ऑपरेशन झालं. पण रोग हाडात उतरला होता. शेवटी शेवटी तिनं एकदा विचारलं, "माजं रगत तरी कुनाच्या कामी आलं का गो?"

मी खोटं बोलले नाही. "सायबाच्या," म्हटलं.

ती गेली. खाडीच्या काठावर तिला जाळली.

पेपर छापून आला. पहिलं नाव सरांचं, मग त्यांच्या मर्जीतल्यांची. माझं नाही. आयत्या पिठावर रेघोट्या. शेवटी आभार मानलेत, यंत्र देणाऱ्या कंपनीचेसुद्धा. आत्याचे नाहीत. तिची राख कधीच खाडीत गेली, पण आधी घेतलेल्या रक्तातल्या तिच्या पेशी अजून त्या माणसाच्या थंड टाकीत जिवंत आहेत. कुपीवर तिचं नाव नाही.

मी हे काम सोडलेलं नाही. पेशीला शत्रू ओळखायला शिकवणारी विद्या कोणाच्या बापाची नाही, ती माझ्या हातातली आहे. दुसऱ्या ठिकाणी, खालच्या जागेवर, पुन्हा पहिल्यापासून करतेय. रक्त घेण्याआधी समोरच्याला त्याच्या बोलीत सांगते, यातून तुम्ही बरे होणार नाही. काही जण उठून जातात. जाऊ देते.

येत्या रविवारी पनवेलमध्ये सरांचा सत्कार आहे. भूमिपुत्रांसाठी केलेल्या कार्याबद्दल. मी जाणार. पहिल्या रांगेत बसणार. शाल अंगावर पडली की उठणार आणि आत्याच्या पेशी मागणार, तिच्या नावानिशी. देणार नसाल, म्हणेन, तर तिनं सांगितलं होतं तसं डोक्यावर हात ठेवा नि बोला, मी तिचं औषध करत होतो.

डोकं या वेळी माझं असेल. मी ते वाकवणार नाही. हात त्यांना वर उचलावा लागेल.