रेडिओला पाणी पाजणारी सुखीबाई

दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यात १९५८ साली पंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ आला आणि त्याला पाणी पाजायच्या कामावर सुखीबाईंची नेमणूक झाली.

रेडिओ बसवायला दिग्रसहून बशीर मिस्त्री आले होते. त्यांनी दोन बांबूंच्या मध्ये तांब्याची तार ताणली. दुसरी तार जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळीला बांधली आणि त्या खड्ड्यात मीठ, कोळसा टाकला. सुखीबाई शेजारीच राहायच्या. त्यांनी विचारलं, "वरची तार समजली. खालची कायले?"

"हवेतल्या लहरी वरच्या तारेत जराशी वीज उठवतात. तिले जमिनीत जायले वाट पाहिजे. जमीन वाळली का वाट बंद. रोज दोन घागरी टाकत जा."

"अन् हे बटन कायले फिरवता?"

"कितीक स्टेशनं एकदम बोलून राह्यले, बाई. पण प्रत्येकाचा ताल वेगळा. बटन फिरवलं का डबा एकाच्याच तालावर डोलते, बाकीच्यायचं ऐकत नाही. मंग आतल्या काचेच्या नळ्या तो बारीक आवाज मोठा करतात."

सुखीबाईंना हे पटलं. त्यांचे यजमान धावजीही घरात सगळे बोलत असताना फक्त आपल्या आईचंच ऐकत.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली. पाणी फक्त माणसांना आणि जनावरांना द्यायचं, असा ठराव झाला. तिसऱ्या दिवसापासून रेडिओ नुसता खरखरू लागला. कापसाचे भाव कळेनात. ठराव मोडता येत नव्हता, म्हणून सरपंच नानाजींनी जनावरांच्या वहीत रेडिओची नोंद केली: रंग तपकिरी, शिंगं दोन, बांबूची. संध्याकाळी दोन घागरी पडल्या आणि आवाज परतला.

जूनमध्ये ढोरांचे डॉक्टर लस टोचायला आले. एकेचाळीस जनावरं झाली. वहीत बेचाळीस होती. सुखीबाईंनी डॉक्टरांना रेडिओपुढे आणून उभं केलं.

"हे?"

"हेच."

"खाते काय?"

"खात नाही. नुसतं पेते अन् बोलते."

हवामानाच्या बातम्या चालू होत्या. डॉक्टर त्या संपेपर्यंत थांबले. मग त्यांनी पेटीच्या तोंडावर, आवाज येतो तिथल्या कापडाला स्पिरिट लावलं, सुई टोचली आणि वहीत लिहिलं, 'स्वभाव शांत.' महिनाभर आवाज फाटका येत होता. लोक कुरकुरले, तर सुखीबाई म्हणाल्या, "लस टोचली का ताप येतेच."

१९६६ साली ट्रान्झिस्टर आला. त्याला ना वर तार, ना खाली. बशीर मिस्त्रींनी तो उघडून तांब्याची तार गुंडाळलेली काळी कांडी दाखवली. "वरची तार आता याच्या पोटात हाये."

"अन् पाणी?"

"लागत नाही."

नानाजींनी वहीत जुन्या रेडिओपुढे 'मयत' लिहिलं. सुखीबाईंनी जमिनीतली नळी उपटून त्या जागी भोपळा लावला. माती खारट झाली होती. तीन वर्षं वेल धरला नाही. चौथ्या वर्षी दोन भोपळे लागले. त्यातला एक मांडीवर घेऊन त्या एस.टी.ने दिग्रसला गेल्या आणि बशीर मिस्त्रींच्या दुकानात ठेवून आल्या.