आक्काचा हिरवा आकडा

त्या सकाळी मोबाइलवर आक्काचं नाव दिसलं तेव्हा मला नवल वाटलं. फोन नेहमी मीच करायचो. "आज लवकर गं?" असं म्हणतच मी फोन उचलला, तर पलीकडून शेजारच्या सुमनचा आवाज आला. "मामा, आक्का गोठ्यात बसल्या त्या उठल्याच न्हाईत... तुमी या." पुढचं ती काय बोलली, मला आठवत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यानंतर कुंडलच्या घरात ती आणि तिची म्हैस, एवढीच राहिली. मुलगा संजय पुण्यात नोकरीला. मी सांगलीत, पत्नी गेल्यापासून एकटाच. आक्काला रक्तदाबाचा त्रास सुरू झाला तसं संजयने यंत्र आणून दिलं आणि सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं अॅप तिच्या फोनवर घातलं. दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं, की आकडा दवाखान्यात, संजयकडे आणि माझ्याकडे एकदमच दिसायचा. ठीक असला तर हिरवा, वाढलेला असला तर लाल.

सुरुवातीला हिरवाच यायचा. मग मात्र लाल येऊ लागला, आठवड्यातून तीनतीनदा. दवाखान्यातली सिस्टर फोन करायची, संजय कामातून उठून बोलायचा, मीही विचारपूस करायचो. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी लालच. पुन्हा वाढवली. आणि एके दिवशी धुण्याच्या दगडावरून उठताना चक्कर येऊन आक्का पडली. नशिबानं मनगटावर निभावलं.

मी एसटीनं कुंडलला गेलो आणि राहिलो. दुसऱ्या दिवशी बघतो तर ही बाई दुसऱ्या हातानं आडाचं पाणी ओढतेय. भरलेली घागर ठेवली, आणि धापा टाकतच पट्टा बांधायला बसली.

"आक्का, हे काय? निवांत बसून मोजायचं असतं, सांगितलंय ना?"

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "आकडा चांगला आला तर कुणाचाबी फोन येत न्हाई रं. लाल आला की संजू बोलतो, ती दवाखान्यातली पोरगी बोलती, तू बोलतोस..."

चूल फुंकायचं निमित्त करून मी आत गेलो.

डॉक्टरांना खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. गोळी पुन्हा कमी केली. मी आक्काला म्हणालो, "आता उलटं करू. हिरवा आला की मी फोन करणार. लाल आला तर फक्त डॉक्टर." ती लहान पोरीसारखी हसली.

मग रोज सकाळी आमचं बोलणं सुरू झालं. "बगितलास का, हिरवा आलाय!" इथून सुरुवात. मग म्हशीचं दूध, हळद शिजवायला लागलेले लोक, सुमनच्या सासूची कुरकुर, आणि मधेच आमच्या आईची एखादी आठवण. कधी दोघांकडेही सांगण्यासारखं काही नसायचं. तरी फोन ठेवायची घाई कुणालाच नसायची... आकडा शेवटपर्यंत हिरवाच राहिला. गेली त्या सकाळचा तेवढा अजून यायचा होता.

दिवसकार्य झाल्यावर मलाच गरगरू लागलं. डॉक्टरांनी रोज मोजायला सांगितलं. संजय म्हणाला, "मामा, आईचंच यंत्र घेऊन जा."

आता सकाळी खिडकीपाशी निवांत बसून मी मोजतो. आकडा बहुतेक हिरवाच येतो. फोन थोडा वेळ हातात राहतो. आक्काचा दंड शेवटी अगदी काडी झाला होता. तिनं बसवलेला पट्ट्याचा वेढा माझ्या कोपराच्या वर चढत नाही, म्हणून तो रोज सैल करावा लागतो. मोजून झालं की मी तो पुन्हा तिच्या मापाचा करून ठेवतो.