काडीने पेटणारा ग्रिल

आईचा डावा हात मनगटापासून खांद्यापर्यंत भाजलेला होता. लहानपणी कोल्हापुरात रॉकेलचा स्टो भडकला, तेव्हाचं ते. चेन्नईच्या घामट उकाड्यातही ती मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज घालायची. स्वयंपाकाचा गॅस पेटवताना लायटर धरलेला हात लांब करायची आणि तोंड दुसरीकडे वळवायची. बाबा पाहुण्यांसमोर तिची नक्कल करायचे. हात लांब, मान वाकडी, डोळे गच्च मिटलेले. नक्कल हुबेहूब असायची, म्हणून लोक हसायचे.

बाबा मोटारींच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते. कंपनीने त्यांना काही महिने परदेशी पाठवलं. तिथून ते बार्बेक्यूचं वेड घेऊन आले. अण्णा नगरला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर होता आणि गच्ची आमच्याच वापरात होती. कारखान्यात महाराष्ट्रातली बरीच तरुण मुलं होती, एकटी राहणारी, मेसचं सांबार खाऊन कंटाळलेली. रविवारी त्यांना बोलवायचं, गच्चीवर मासे-कोंबडी भाजायची, असं बाबांनी ठरवलं. कोळसा नको, कपडे काळे होतात, गॅसवर चालणाराच ग्रिल घ्यायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही तिघं टी. नगरच्या एका दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन ग्रिल दाखवले. एकाला झाकण होतं आणि पुढे लाल बटण. बटण दाबलं की आत ठिणगी पडून बर्नर आपोआप पेटायचा. दुसरा उघडा, जाड जाळीचा, दणकट. त्याचा कॉक फिरवायचा आणि खालच्या भोकातून जळती काडी आत घालायची.

"सार, बटणवाला घ्या," दुकानदार म्हणाला. "मॅडमना सोपं पडेल."

"मॅडमना सोपं नकोच आहे," बाबा म्हणाले. मग आईकडे वळून मराठीत, "बटण दाबून कुणाची भीती गेलीय का? आज तुझी भीती घालवूनच घरी जायचं. पेटव."

"अहो, इथे नको. घरी बघू."

"पेटव म्हणतो ना."

दुकानदाराने सिलिंडर जोडून दिला. आईने कॉक फिरवला आणि काडी ओढली. पंख्याच्या वाऱ्याने ती विझली. दुसरी काडी तिच्या हातातून पडली. तोवर कॉक चालूच होता. तिसरी काडी आत गेली तसा भप्पकन जाळ वर आला. आई किंचाळून मागे आली आणि प्रेशर कुकरच्या खोक्यांवर आदळली. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. दुकानदाराने धावत जाऊन कॉक बंद केला.

बाबा हसत होते. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "हाच पॅक करा," ते म्हणाले.

मी आईला हात देऊन उठवलं.

पहिल्याच रविवारी गच्चीवर मुलं जमली. बाबांनी दुकानातला प्रसंग रंगवून सांगितला, किंकाळीसकट. मग आईला हाक मारली, "ये, पेटवून दाखव सगळ्यांना." तिने पेटवला. या वेळी पहिल्याच काडीत पेटला. बाबांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती मागे सरकायच्या आत तिची बाही धरून कोपराच्या वर सरकवली. "बघा, एवढंसं तर आहे. एवढ्यासाठी आयुष्यभर नाटक!"

कुणीच हसलं नाही. माझ्या शेजारी बसलेला मुलगा मान खाली घालून हातातल्या ताटलीकडे बघत राहिला. आईने बाही खाली ओढली, मनगटाशी हुक लावला आणि कोंबडीचे तुकडे उलटायला लागली.

त्यानंतर दर रविवारी ग्रिल तीच पेटवायची. भीती गेली की नाही, ते तिने कधी सांगितलं नाही. पण मान वळवणं बंद झालं. उलट जाळाकडे ती टक लावून बघायची. तिच्या हाताला वेगळीच चव आली. वंजिरम, म्हणजे आपली सुरमई, ती अशी भाजायची की बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखी. मुलं "वहिनी, अजून एक" करत मागे लागायची आणि बाबा म्हणायचे, "बघा, मी तयार केलीय हिला."

पुढे एका सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. ते वाचले, पण डॉक्टरांनी मांस-मासे, तेल, मीठ सगळं बंद केलं. घरी आल्यावर बाबा पहिलं वाक्य बोलले ते असं, "तो ग्रिल देऊन टाक कुणाला तरी."

"कशाला?" आई म्हणाली. "मुलं आशेने येतात. आणि आता माझी भीती गेलीय ना?"

रविवारी तिने सगळ्यांना बोलावलं. बाबांची वेताची खुर्ची तिने स्वतः उचलून ग्रिलच्या पश्चिमेला ठेवली. संध्याकाळी पूर्वेच्या समुद्रावरून वारा सुटला की सगळा धूर तिकडेच जायचा. त्यांच्या हातात तिने दुधीची वाटी दिली, बिनमिठाच्या शिजवलेल्या दुधीची. मग वंजिरमचे तुकडे जाळीवर टाकले.

शेवटी बाबा हळूच म्हणाले, "एक तुकडा दे. लहानसा."

"अहो, डॉक्टर नको म्हणालेत."

"एक घास गं. कुणाला कळतंय?"

आई मुलांकडे वळली आणि तिने बाबांची नक्कल केली. ओठ पुढे काढलेले, वाटी छातीशी धरलेली, "एक घास गं." नक्कल हुबेहूब होती. मुलं हसली. एक जण तर खोकेपर्यंत हसला. बाबा वाटीत चमचा फिरवत राहिले.

हे रविवारमागून रविवार चाललं. बाबा खाली खोलीत पडून राहायला लागले तर ती मुलांना पाठवून त्यांना वर आणायची. "एकटे बसू नका, मन रमत नाही," सगळ्यांदेखत म्हणायची. एकदा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, पुरे आता."

ती मसाला वाटत होती. थांबली नाही. "काय पुरे? त्यांना कुठे भाजलंय?"

पथ्यात ती तसूभरही चुकत नव्हती. गोळ्या वेळेवर, सकाळी हात धरून फिरायला नेणं, रात्री पाय चेपणं, सगळं ती करायची.

वर्षभराने तपासणी झाली. डॉक्टर कागद बघून खूश झाले. "सार, तुम्ही नशीबवान. इतकं पथ्य कुणी पाळत नाही. मॅडमनी तुम्हाला नवा जन्म दिलाय. त्यांचे आभार माना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. ती पर्स मांडीवर घेऊन शांत बसली होती. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते.

"थँक्यू," बाबा तिला म्हणाले.

त्या रविवारी त्यांना आणायला कुणाला पाठवावं लागलं नाही. पाहुणे यायच्या आधीच ते जिना चढून वर आले आणि आपल्या जागी खुर्चीत बसले. आई जाळी घासत होती.

"आज काय आहे?" त्यांनी विचारलं.

"कोळंबी," ती म्हणाली, आणि काड्यापेटी शोधायला खाली गेली.