पहिल्या नंबरची सही

अर्ज लिहायचा म्हटलं की आमचं गाव माझ्या दारात येतं. मी दौंडला रेल्वेच्या ऑफिसात कारकून, अक्षर बरं, 'महोदय' कुठे घालायचं ते ठाऊक. पण त्या हंगामातला अर्ज मी स्वतःच्याच गरजेपायी लिहिला. भीमेकाठच्या आमच्या गावात उसाचे ट्रॅक्टर शाळेच्या रस्त्याने जातात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारा ऊस आणि कान किटवणारी गाणी. एका सकाळी अशाच एका ट्रॉलीने माझ्या सातवीतल्या मुलीला सायकलसकट रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत ढकललं. कोपर सोलपटलं, चाकाचा पार चेंदामेंदा झाला. बायकोने निकाल दिला, "ट्रॉल्या ह्या रस्त्यानं बंद होईस्तोवर पोरगी शाळंत जायाची न्हाई." मुलगी शाळेच्या खो-खो संघात होती आणि तालुक्याचे सामने तीन आठवड्यांवर आले होते. ती दप्तर मात्र रोज भरून ठेवायची.

मागणी साधी होती: शाळा भरताना आणि सुटताना ट्रॉल्या कॅनॉलच्या रस्त्याने न्याव्यात. अर्ज शिरूरला तहसीलदारांकडे द्यायचा. अडचण एवढीच की ट्रॅक्टर होते गावच्या पुढाऱ्याचे, आणि ऊसतोडीची टोळी आधी कुणाच्या शेतात उतरणार हेही त्याच्याच शब्दावर ठरायचं. त्याची मर्जी गेली की ऊस उन्हाळ्यापर्यंत उभ्याने वाळतो. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

मी सह्यांसाठी ओळी आखल्या, आकडे घातले. पहिली ओळ मानाची, ती कुणा वडीलधाऱ्यासाठी सोडली, दुसऱ्या ओळीवर स्वतःची सही ठोकली आणि घरोघर निघालो.

शेजारी म्हणाला, "लय ब्येस केलंत. करतो की सही. फकस्त पयल्या नंबरला नगं." त्याने तिसऱ्यावर केली. पुढच्या घरातल्याने चौथ्यावर केली. एकाने तर, "माझी मधी कुठंतरी घ्या, वरबी नगं आन् खालीबी नगं," म्हणून मधल्या चार ओळी सोडून सही केली. त्या चार ओळी भरायला मला दोन दिवस पुन्हा फिरावं लागलं. एका घरात नवरा म्हणाला बायकोला विचारतो, बायको म्हणाली त्यांना विचारा, आणि दोघं एकाच ओट्यावर बसलेले. कुरकुंभला कामाला जाणारा एक जण म्हणाला, शिफ्टहून आल्यावर करतो. त्याची ती शिफ्ट आठवडाभर संपली नाही. कागद भरत गेला, वरची ओळ तशीच. प्रत्येक जण मला दारापर्यंत सोडायला यायचा आणि वर सांगायचा, "तुमी व्हा म्होरं, आमी हाय मागं."

मला मनस्वी चीड यायची. ह्या गावाला शौर्याचं काय वेड! जयंतीच्या मिरवणुकीत घसा फुटेपर्यंत घोषणा, पूर्वजांनी कुठल्या खिंडी लढवल्या त्याची भाषणं, मोबाइलवर जो तो वाघाचा बछडा. आणि ही माणसं भित्रीही नाहीत हो. ह्याच शेजाऱ्याने शेळीवर आलेल्या बिबट्याला हातातली शेणाची पाटी फेकून हाकललेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बिबट्या तुमची तोड अडवत नाही. समोर जनावर असलं की आम्ही छाती काढतो, आणि शेजारच्या गल्लीतला ओळखीचा माणूस असला की आमचं पेन चालत नाही. हे सगळं मी रोज संध्याकाळी बायकोला तावातावाने ऐकवायचो. ती भाकऱ्या थापत ऐकून घ्यायची.

शेवटी आबांकडे गेलो. उमेदीत मेंढरं राखत मुलूख पालथा घातलेला माणूस, आता एकरभर ऊस आणि थोडा कांदा. पहिली सही हेच करणार याची मला खात्री होती. त्यांनी अर्ज सगळा वाचून घेतला.

"तुमची सही कितव्या नंबरला हाय?"

"दुसऱ्या."

"आन् पयला?"

"तो तुमच्यासाठी ठेवलाय, आबा. मान म्हणून."

"मान व्हय," आबा म्हणाले. "म्होरलं मेंढरू वढ्याशी थबाकलं की मागली समदी थबाकत्यात. तुमाला पगार रेल्वे देती. तरी तुमीच एक पाऊल मागं हुबं ऱ्हायलाय, मंग ह्या लोकास्नी कशापायी बोल लावताय? तुमची सही वर जाऊ द्या. माझी लगेच घ्या."

मी तणतणत घरी आलो. म्हातारा शहाणपण शिकवतो, स्वतः सही करत नाही, असं बरंच काही वाटेत पुटपुटलो. पण अंगणात आलो नि समोर माझा दोन एकर ऊस दिसला, तुऱ्याला आलेला, तोडीची वाट बघणारा. मान वगैरे काही नव्हता. मी भ्यालो होतो, आणि अक्षर चांगलं असल्यामुळे ते भिणं मला ओळी आखून नीट मांडता आलं होतं. मी दोन नंबरचं नाव खोडलं, वर सही केली. दुसऱ्या दिवशी आबांनी खोडलेल्या नावाशेजारी आपली केली. शेजाऱ्याने येऊन आपण तीनवरच आहोत ना, याची खात्री करून घेतली.

शिरूरला अर्ज देऊन पोच घेतली. पाचव्या दिवशी ट्रॉल्या कॅनॉलच्या रस्त्याने जायला लागल्या. पुढे आमच्या उसाला तोड गावात सगळ्यांत शेवटी मिळाली, ते ठरलेलंच होतं. पारावर मात्र जो तो सांगत होता, आपण समद्यांनी मिळून रस्ता मोकळा केला.

मुलगी नव्या चाकाच्या सायकलवरून शाळेत गेली त्या संध्याकाळी मी मुद्दाम लवकर घरी आलो. ती डबा घासत होती.

"रस्ता मोकळा होता ना?"

"होता. सामने परवाच झाले, पप्पा. माझ्या जागी दुसरीला घेतलं."

एवढ्या उशिराला कोण कारण झालं, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी गावाचंच नाव सांगितलं असतं.